कार्यालन पीराक्का: पारी कडक होऊ नये म्हणून

कार्यालन पीराक्का या फिनलंडच्या भाजलेल्या पदार्थाच्या पातळ पारीत राय धान्याचं पीठ असतं आणि आत दुधात शिजवलेला मऊ भात. घरी केल्यावर बहुतेकांची तक्रार एकच: कडा दगडासारख्या होतात. दोष पिठाचा नसतो.

भात आधी करून पूर्ण गार करा. 1 वाटी बुटका तांदूळ दीड वाटी पाण्यात शिजवा, पाणी आटलं की 4 वाट्या दूध घालून मंद आचेवर पाऊणएक तास ढवळत राहा, मीठ शेवटी. पळी उलटी केली तर भात सावकाश घसरला पाहिजे. आपल्याकडे आंबेमोहोर चालतो, बासमती अजिबात नको. गरम भात भरला तर पारी ओली होऊन फाटते.

रायच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून ज्वारीच्या भाकरीसारखं ते कडेला चिरतं. 4 भाग पिठाला 1 भाग मैदा मिसळा. पारी मात्र इतकी पातळ लाटा की खालच्या ओट्याचा रंग जाणवावा. मध्ये भाताचा पातळ थर, कडा आत वळवून चिमटीने चुण्या.

ओव्हन जितका तापेल तितका तापवा, 250 अंश तरी हवाच. 12 ते 15 मिनिटं पुरतात. कमी आचेवर जास्त वेळ ठेवल्यानंच पारी वाळते. बाहेर काढताक्षणी वितळलेलं लोणी आणि गरम दूध यांचं मिश्रण सढळ हातानं फासा, कडांवर विशेष, आणि एकावर एक रचून सुती कापडाखाली अर्धा तास झाका. वर उकडलेलं अंडं कुस्करून लोण्यात कालवलेलं घ्या. ते वगळू नका.