'पीसीआर' आलं म्हणजे सुटलो? केमोनंतरचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशनआधी केमो दिलेली असते. ऑपरेशन होतं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो, त्यात कधी 'पीसीआर' म्हणजे 'आक्रमक कर्करोग उरलेला नाही' असं असतं, कधी नसतं, आणि घरातलं कुणीतरी, बहुधा मुलगी नाहीतर भाचा, रात्री मोबाइल घेऊन बसतं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर प्रश्न येतो, "डॉक्टर, आईचं आता पुढे कसं?" विचारण्यात गैर काहीच नाही. घोळ होतो तो एकाच कागदात उत्तर शोधल्यामुळे. अशा रुग्णाचा अंदाज दोन चित्रं शेजारी ठेवून बांधायचा असतो: केमोच्या आधी काय होतं आणि नंतर काय उरलं.

क्लिप राहून जाणं

पहिलं चित्र हरवण्याची ही सगळ्यात साधी तऱ्हा. केमोच्या आधी गाठीत धातूची बारीकशी क्लिप सोडतात. गाठ विरघळली तरी क्लिप जागा दाखवते. मागे माझ्याकडे तपासायला ऑपरेशनमधून काढलेला एक नमुना आला. क्लिप नाही, जुनी मॅमोग्राफी नाही, फॉर्मवर फक्त 'केमो झालेली' एवढंच. सर्जनला फोन, मग नातेवाइकांना फोन. शेवटी त्यांच्या पिशवीतल्या जुन्या सोनोग्राफीत गाठीची नेमकी जागा लिहिलेली सापडली, तेव्हा कुठे नीट कटिंग, म्हणजे तपासणीसाठी योग्य जागचे काप घेणं, जमलं. जागाच सापडली नसती, तर 'कॅन्सर दिसला नाही' या वाक्याला काय किंमत होती? तेव्हा केमो सुरू होण्याआधीच विचारा, क्लिप घातली का? काखेतली लसिका गाठ (लिम्फ नोड) सुईच्या तपासणीत पॉझिटिव्ह असेल, तर तिथेही घालणार का?

'वाय' हे अक्षर न वाचणं

रिपोर्टात स्टेजच्या आधी 'वायपी' लिहिलेलं असतं. त्यातला 'वाय' म्हणजे उपचारानंतरची स्टेज, 'पी' म्हणजे पॅथॉलॉजीत ठरलेली. पाच सेंटिमीटरची गाठ दीडवर आली, म्हणून ती रुग्ण मुळातच दीड सेंटिमीटरची गाठ असलेल्या रुग्णासारखी होत नाही. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात याचसाठी एक गुणपद्धत तयार झाली. तिच्यात आधीची स्टेज, नंतरची स्टेज, इस्ट्रोजेन रिसेप्टर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का) आणि ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), चारही धरतात. पुढे त्यात हर-२ या कर्करोगाच्या पेशींवरच्या प्रथिनाची भर पडली.

याच कारणाने जगण्याचा अंदाज देणारं 'प्रेडिक्ट' हे ब्रिटिश ऑनलाइन साधन इथे वापरू नका. ते आधी ऑपरेशन झालेल्यांसाठी बांधलेलं आहे. केमोनंतर उरलेल्या गाठीचं माप त्यात भरलंत तर आकडा गोड येईल, पण तो तुमच्या रुग्णाचा नसेल.

सगळ्यांच्या पीसीआरला एकाच तराजूत तोलणं

आधी एक खुलासा. इथला पीसीआर कोविडचा नव्हे, हा 'पॅथॉलॉजिकल कम्प्लीट रिस्पॉन्स'. स्तनात आणि काखेत आक्रमक कर्करोग अजिबात न उरणं, असा त्याचा अर्थ. दुधाच्या नळीतच अडकून राहिलेला कर्करोग उरला तरी चालतो. काखेतल्या एका लसिका गाठीत जरी उरला असेल, तर मात्र स्तन कितीही स्वच्छ असो, पीसीआर नाही. आणि एमआरआयने 'काही दिसत नाही' म्हटलं म्हणजे पीसीआर झाला असं नाही. तो सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतो.

२०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १२ चाचण्यांमधल्या सुमारे १२,००० रुग्णांचं एकत्र विश्लेषण आलं. कमी ग्रेडच्या, हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-२ निगेटिव्ह गाठींत पीसीआर जेमतेम ७.५ टक्के होता. ट्रिपल निगेटिव्हमध्ये (दोन्ही हार्मोन रिसेप्टर आणि हर-२, तिन्ही निगेटिव्ह) ३४ टक्क्यांच्या आसपास. हर-२ पॉझिटिव्ह आणि हार्मोन निगेटिव्ह रुग्णांना ट्रास्टुझुमॅब हे हर-२ विरोधी औषध दिलं तेव्हा तो ५० टक्क्यांवर गेला. पीसीआर आणि पुढचं आयुष्य यांचा संबंध सगळ्यात घट्ट दिसला तो शेवटच्या दोन प्रकारांत. म्हणजे ट्रिपल निगेटिव्हमध्ये पीसीआर न येणं ही खरी धोक्याची खूण. हार्मोन पॉझिटिव्ह, कमी ग्रेडच्या गाठीत मात्र तो न येणं हेच नेहमीचं. तिथे पुढची अनेक वर्षं घेतलेली हार्मोनची (म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी) गोळी फार मोठं काम करते. ती गोळी मध्येच सोडणं हे पीसीआर न आल्यापेक्षा मला जास्त काळजीचं वाटतं. शिवाय या प्रकारात रोग दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो, तेव्हा 'पाच वर्षं झाली' म्हणून फॉलोअप बंद करू नये. ट्रिपल निगेटिव्हमध्ये धोका मुख्यतः पहिल्या काही वर्षांत असतो.

त्याच विश्लेषणातली दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एखाद्या औषधाने पीसीआरचं प्रमाण वाढवलं, म्हणून त्याच प्रमाणात आयुष्य वाढतं असं चाचण्यांच्या पातळीवर दिसलं नाही. नव्या औषधाच्या जाहिरातीत फक्त पीसीआर मिरवला असेल, तर जगण्याचे आकडे मागा.

'उरला' एवढ्यावरच घाबरणं

किती उरला, ते महत्त्वाचं. त्यासाठी आरसीबी ('रेसिड्युअल कॅन्सर बर्डन', उरलेल्या कर्करोगाचा भार) नावाचा हिशेब आहे, २००७ पासून. गाठीच्या जागेची लांबी-रुंदी, त्यात कर्करोगाच्या पेशी किती टक्के, कर्करोग असलेल्या लसिका गाठी किती, त्यांतला सगळ्यात मोठा साठा केवढा, यांवरून ० ते ३ असा वर्ग ठरतो. वर्ग १ असलेल्यांची वाटचाल पुष्कळदा शून्याच्या जवळची असते. रिपोर्टात आरसीबी नसेल तर मागून घ्या. ब्लॉक (मेणात बसवलेले नमुन्याचे तुकडे) जपलेले असतात, पण कटिंगच्या वेळी जागा नोंदली असेल तरच तो नंतर नीट काढता येतो.

आणि उरला म्हणजे उपाय संपले असं नाही, उलट पुढचं औषध त्यावरूनच ठरतं. जपान-कोरियातल्या चाचणीत हर-२ निगेटिव्ह रुग्णांना कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी दिल्यावर पाच वर्षांनी ८९.२ टक्के हयात होत्या, न दिलेल्यांत ८३.६. हर-२ पॉझिटिव्हमध्ये टी-डीएम१ (ट्रास्टुझुमॅबला केमो जोडलेलं औषध) मुळे तीन वर्षं आक्रमक रोगाविना राहिलेल्यांचं प्रमाण ७७ वरून ८८ टक्क्यांवर गेलं. या औषधांआधीच्या काळातले जगण्याचे तक्ते आज पेशंटला दाखवणं अन्यायाचं आहे.

प्रबंध लिहिणाऱ्या रेसिडेंटांसाठी

निदानाच्या तारखेपासून दिवस मोजून पीसीआर आलेल्या आणि न आलेल्यांची तुलना करू नका. ऑपरेशनपर्यंत जिवंत असल्याशिवाय कुणीच या दोन गटांत येत नाही, त्यामुळे मधले महिने दोघींनाही फुकट मिळतात. मोजणी ऑपरेशनपासून धरा. केमो चालू असतानाच रोग वाढल्यामुळे ज्या ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचल्याच नाहीत, त्या किती, हे तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहा.