डिस्कचं वजन काढताना शंभरने कितीदा गुणलंत? तरुण ताऱ्यांच्या डिस्कवर काम करताना या चुका टाळा

तरुण ताऱ्याभोवतीच्या धूळ-गॅसच्या डिस्कवर प्रोजेक्ट करणारी पोरं दर वर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच जुन्या. हल्ली कोणी प्लॉट दाखवायला आलं की मी प्लॉट बघायच्या आधी एकच विचारतो, कॅपा (एक ग्रॅम पदार्थ किती प्रकाश शोषतो तो आकडा) कुठून उचलला? उत्तर "ट्यूटोरियलमधून" आलं की बसतो खुर्ची ओढून, कारण आता वेळ जाणार हे नक्की.

आधी सगळ्यात महागात पडणारी चूक. ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत वजनाने साधारण १०० भाग गॅस आणि १ भाग धूळ असते. मिलिमीटर तरंगलांबीत डिस्कची चमक दिसते ती धुळीची, गॅस त्यात जवळपास दिसतच नाही. म्हणून आपण धुळीचं वजन काढतो आणि १०० ने गुणून "पूर्ण डिस्क" म्हणतो. फॉर्म्युला सोपा आहे, फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचलेली चमक) गुणिले अंतराचा वर्ग, भागिले कॅपा आणि प्लांक फंक्शन (त्या तापमानाला किती प्रकाश बाहेर पडतो ते) यांचा गुणाकार. गोची कॅपात आहे, कारण तो दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. बेकविथ आणि मंडळींच्या १९९० च्या पेपरमधला, जो सगळे वापरतात, तो १००० गिगाहर्ट्झला ग्रॅममागे ०.१ चौरस सेंटिमीटर आहे, आणि तो ग्रॅम धूळ आणि गॅस मिळून आहे. म्हणजे १०० त्यात आधीच बसलाय. फक्त धुळीच्या ग्रॅममागे तोच आकडा १० होतो. वारंवारतेसोबत सरळ प्रमाणात उतरवला तर २३० गिगाहर्ट्झला अनुक्रमे ०.०२३ आणि २.३.

आता किस्सा. एका ज्युनियरकडे एक डिस्क होती, २३० गिगाहर्ट्झला फ्लक्स १०० मिलीजान्स्की (फ्लक्सचं एकक), अंतर १४० पार्सेक, तापमान धरलं २० केल्विन. तारा सूर्याच्या ०.८ पट. त्याचं उत्तर आलं, डिस्क १.७ सूर्य! म्हणजे ताऱ्याच्या दुपटीहून जड, आणि पठ्ठ्या घाबरला नाही, उलट खूश झाला, की ही डिस्क स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने फुटून थेट ग्रह बनवणार. दोन आठवडे टूमरे क्यूचे (डिस्क स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने फुटेल का ते सांगणारा आकडा) प्लॉट काढले, रंगसंगतीसुद्धा झकास जमवली. मला दाखवलं तेव्हा मी अक्ष न वाचताच "भारी दिसतंय" म्हणालो, ते माझं पाप. मग मीटिंगमध्ये मागच्या रांगेतून कोणीतरी शांतपणे विचारलं, यात तारा कुठला आणि डिस्क कुठली? कोड उघडला तर कॅपा ०.०२३, आणि खाली दहाव्या ओळीत परत गुणिले १००. खरं उत्तर साधारण ०.०१७ सूर्य. फुटण्याबिटण्याचा प्रश्नच नाही. "पण दादा, कोडने एरर दिलाच नाही," म्हणाला. कोड कशाला देईल, त्याला काय माहीत डिस्क म्हणजे काय.

तेव्हापासून माझ्या स्क्रीनच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: २३० गिगाहर्ट्झ, १४० पार्सेक, २० केल्विन, १०० मिलीजान्स्की, धूळ साधारण ५६ पृथ्वी. नवीन डिस्क आली की आधी यावरून हाताने अंदाज काढतो, फ्लक्स दुप्पट तर वजन दुप्पट, अंतर दुप्पट तर चौपट, आणि मगच कोड चालवतो. ही काही पद्धत वगैरे नाही, सवय आहे, पण कॅल्क्युलेटरही न उघडता थेट पायथन उघडणाऱ्यांना ती लागलीच पाहिजे असं माझं मत आहे.

त्याच फॉर्म्युल्यातल्या बाकी भानगडी पटापट. प्लांकच्या जागी रेले-जीन्स (त्याचंच सोपं केलेलं, अंदाजी रूप) टाकू नका, २० केल्विन आणि ३४५ गिगाहर्ट्झला वजन एक तृतीयांशाहून जास्त कमी येतं. नकाशाची पिक्सेल व्हॅल्यू ही जान्स्की पर बीम असते (बीम म्हणजे दुर्बिणीला वेगळा दिसणारा सगळ्यात लहान ठिपका), ती सरळ बेरीज करून "टोटल फ्लक्स" म्हणू नका, बीमच्या क्षेत्रफळाने भागा. आणि डिस्कचा आतला भाग बऱ्याचदा मिलिमीटरलाही अपारदर्शक असतो, तिथे वरचा थरच दिसतो, म्हणून आलेलं वजन हे "किमान एवढं" असं वाचा.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे धूळ आणि गॅस हातात हात घालून उत्क्रांत होतात असं धरून चालणं. होत नाहीत! गॅसला आतून बाहेर दाबाचा आधार मिळतो म्हणून तो केप्लरच्या वेगापेक्षा (नुसत्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या कक्षेतल्या वेगापेक्षा) किंचित हळू फिरतो. सूर्यासारख्या ताऱ्यापासून १ खगोलीय एककावर (पृथ्वी-सूर्य अंतरावर) हा वेग सेकंदाला ३० किलोमीटर, आणि गॅस त्याहून मागे सेकंदाला ५० मीटरच्या आसपास. खड्याला हा आधार नाही, तो पूर्ण वेगाने पळायला बघतो, त्याला सतत समोरून वारा लागतो, कोनीय संवेग जातो आणि तो आत घसरतो. वाइडेनशिलिंगने १९७७ मध्येच दाखवलं की तिथला मीटरभराचा दगड शंभरेक वर्षांत ताऱ्यात जाऊ शकतो. बारीक पावडर मात्र गॅसला चिकटून राहते. म्हणून टीडब्ल्यू हायड्रे या ताऱ्याच्या डिस्कमध्ये मिलिमीटर धूळ साधारण ६० एककांपाशी संपते आणि कार्बन मोनॉक्साइडचा गॅस २०० च्या पुढेपर्यंत दिसतो. एकाच डिस्कची दोन मापं, दोन्ही बरोबर, तेव्हा "डिस्कची त्रिज्या" लिहिताना कशाची ते लिहा.

सिम्युलेशनमध्ये हे घडलं की लोकांना वाटतं बग आहे. सगळी धूळ आत गायब झाली म्हणून एकीने आतल्या कडेला चक्क भिंत घातली, धूळ तिथे साचली, आणि वर "ग्रह बनायची जागा सापडली" असा निष्कर्ष. अगं, ती जागा तूच बांधलीस! गॅसच्या दाबात कुठे उंचवटा असेल तर धूळ तिथे खरंच अडकते, पण तो उंचवटा गॅसच्या गणितातून यायला हवा. मी दर वेळी एक रन ड्रिफ्ट (धुळीचं आत घसरणं) बंद करून आणि एक चालू ठेवून काढतो, दोन्ही प्लॉट शेजारी. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

डिस्कमध्ये कडी दिसली की ग्रह, हा आणखी एक शॉर्टकट. २०१४ मध्ये आल्मा दुर्बिणीने एचएल टॉरी या तरुण ताऱ्याच्या डिस्कमधल्या कड्या दाखवल्या तेव्हापासून ही साथ आहे. पीडीएस ७० या ताऱ्याच्या डिस्कमध्ये पोकळीतले दोन ग्रह खरोखर दिसलेत, २०१८ आणि २०१९ मध्ये जाहीर झाले. बाकी बहुतेक ठिकाणी कडी दिसलीय, ग्रह नाही, एवढंच लिहा.

"डिस्क ३० लाख वर्षांत संपते" असंही लिहू नका. तारकागुच्छांत साधारण तेवढ्या वयाला निम्म्या ताऱ्यांच्या डिस्क गेलेल्या असतात, हा सरासरीचा हिशेब आहे. टीडब्ल्यू हायड्रेचं वय कोटभर वर्षांच्या घरात आहे आणि गॅस अजून आहे.

क्लास वन (अजून धूळ-गॅसच्या आवरणात गुंडाळलेला, लहान तारा) की क्लास टू (आवरण गेलेला, डिस्क उघडी पडलेला) हे नुसत्या स्पेक्ट्रमवरून ठरवत असाल तर आधी डिस्कचा कल बघा. कडेवरून दिसणारी म्हातारी डिस्क धुळीआड ताऱ्याला लपवते आणि पोरगी असल्याचं सोंग घेते.

आणि कार्बन मोनॉक्साइडवरून गॅसचं वजन कमी आलं म्हणून गॅस उडून गेला असं लगेच जाहीर करू नका. २० केल्विनच्या आसपास तो धुळीवर गोठून बसतो, शिवाय कार्बन दुसऱ्या रेणूंमध्येही जातो. टीडब्ल्यू हायड्रेमध्येच २०१३ मध्ये हर्शेल अवकाश दुर्बिणीने हायड्रोजन ड्युटेराइड (हायड्रोजनचाच थोडा जड रेणू) मोजलं आणि त्यावरून डिस्क सूर्याच्या पाच टक्क्यांहून जड निघाली, कार्बन मोनॉक्साइडवाले आकडे त्याच्या कितीतरी खाली होते. त्या ज्युनियरला हे सांगितलं तर पहिला प्रश्न, "मग दादा, यात १०० ने कुठे गुणायचं?"