डिजिटल ट्रंकिंगसाठी स्कॅनर निवडताना

स्कॅनर म्हणजे इतरांची रेडिओ संभाषणं ऐकायचा रिसीव्हर, आणि ट्रंकिंग म्हणजे मोजके चॅनल अनेक गटांनी गरजेप्रमाणे वाटून वापरण्याची पद्धत. खोक्यावर ‘डिजिटल’ आणि ‘ट्रंकिंग’ दिसलं म्हणून स्कॅनर घेऊ नका. मला कुणी ‘कुठला घेऊ?’ विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुला ऐकायची ती सिस्टीम कुठली? पी२५ फेज १, फेज २, डीएमआर, एनएक्सडीएन की टेट्रा (ही सगळी डिजिटल रेडिओची वेगवेगळी मानकं)? आणि टॉवर अनेक असतील तर ते एकाच फ्रीक्वेन्सीवर एकदमच प्रक्षेपण करतात का (यालाच सिमलकास्ट म्हणतात)? एवढं कळलं की निम्मे स्कॅनर यादीतून गळतात.

स्कॅनरला कामं दोन. पहिलं माग काढण्याचं. कंट्रोल चॅनल, म्हणजे सिस्टीमच्या सूचनांचा चॅनल, सतत सांगत असतो की अमुक टॉकग्रुप (आपसात बोलणारा गट) आता तमुक चॅनलवर. स्कॅनर ते वाचून तिकडे उडी मारतो. पी२५ मध्ये हे सोपं, कारण चॅनलच्या फ्रीक्वेन्सींचा हिशेब कंट्रोल चॅनलच पुरवतो. डीएमआरच्या बऱ्याच प्रकारांत मात्र हवेतून नुसता चॅनल क्रमांक येतो. कुठला क्रमांक कुठल्या फ्रीक्वेन्सीचा, ते आपण भरायचं. एखादा चुकला की तेवढे कॉल गायब.

दुसरं काम आवाज उलगडण्याचं. फेज २ चा कंट्रोल चॅनल फेज १ च्याच पद्धतीचा असतो. त्यामुळे फक्त फेज १ जाणणाऱ्या स्कॅनरवर हालचाल दिसू शकते, पण आवाज निघत नाही. कारण फेज २ मध्ये एकाच १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर दोन संभाषणं आळीपाळीने चालतात. युनिडेनच्या एसडीएस१०० वर डीएमआर आणि एनएक्सडीएनसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. व्हिस्लरच्या टीआरएक्स-१ मध्ये डीएमआर मुळातच आहे. किमतींची तुलना हे धरूनच करा.

पण खरी परीक्षा सिमलकास्टची. सिग्नलच्या दांड्या पूर्ण आणि आवाज मात्र तुटक, चिरका: हे दिसलं की मी लगेच सिमलकास्टचा संशय घेतो. अनेक टॉवरचे सिग्नल किंचित पुढेमागे पोहोचून एकमेकांत मिसळतात. जुन्या धाटणीचा रिसीव्हर फक्त फ्रीक्वेन्सीतला बदल मोजतो. या सिग्नलमधला फेज (लहरीची स्थिती; पी२५ च्या फेज १-२ शी याचा संबंध नाही) आणि तीव्रतेचा तपशील त्याच्या हाती लागतच नाही. २०१८ साली आलेला एसडीएस१०० दोन्ही मोजतो, म्हणून इथे तो मला पैसे वसूल वाटतो. जुनाच स्कॅनर असेल तर तो वीतभर सरकवून बघा. ८०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम ३७ सेंटीमीटर, त्यामुळे तेवढ्यानेही आवाज उलगडतानाच्या चुकांचा आकडा धाडकन उतरू शकतो. ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारी सोय) लावा, आखूड अँटेना जोडा किंवा यागी, म्हणजे एकाच दिशेने ऐकणारी अँटेना, एकाच टॉवरकडे रोखा. अँटेना उंच नेली तर जास्त टॉवर ऐकू येतील आणि गोंधळ वाढेल.

कॉम्प्युटर जवळ असेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लागणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि एसडीआरट्रंक हे सॉफ्टवेअर जरूर वापरा. स्कॅनर एका वेळी एकच संभाषण ऐकवतो, इथे एकाच वेळचे अनेक कॉल रेकॉर्ड होतात. मात्र एका डोंगलमध्ये साधारण २.४ मेगाहर्ट्झचाच पट्टा मावतो. सिस्टीम त्याहून पसरलेली असेल तर दोन-तीन लागतील.

टेट्रा हवं असेल तर एसडीएस मालिकेच्या वाटेला जाऊ नका, त्यात ते नाहीच. एन्क्रिप्शन असलेला, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेला टॉकग्रुप कुठलाच स्कॅनर उघडत नाही. म्हणून खरेदीपूर्वी हव्या त्या टॉकग्रुपांपैकी किती खुले आहेत आणि ते ऐकायला आपल्या देशाचा कायदा परवानगी देतो का, दोन्ही तपासून घ्या.