गोव्यातला जुना गोठा राखायचा कसा

सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत मातीच्या किंवा जांभ्या चिऱ्यांच्या भिंतींचे जुने गोठे अजून दिसतात. खाली गुरे, माळ्यावर भाताचे गवत, कोपऱ्यात बांबूची कणगी असे त्यांचे साधे रूप. गुरे विकली गेली की गोठ्याच्या छपराकडे कोणी वर पाहत नाही आणि पडझड नेमकी वरूनच सुरू होते.

डागडुजीपूर्वी गोठ्याचे वय अजमावावे. पूर्वी अशा छपरांवर गवत किंवा माडाची चुडते असत, कुठे हाताने घडवलेले नळे. मंगळुरी कौले नंतर आली. एक कौल काढून उलटे करावे, कारण त्यावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेच्या कौलावर 1865 दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. तो मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचा काळ आहे, तुमच्या कौलाचा नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर तो कारखाना कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेला, त्यामुळे नावावरून मात्र थोडा अंदाज बांधता येतो.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल होतो, म्हणून शाकारणी मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावी. भर दुपारी आत अंधार करून उभे राहिले, तर फुटक्या कौलातून येणारा उजेडाचा ठिपका जमिनीवर पडलेला दिसतो. त्या जागी कोळशाने खूण करावी. कौले उतरवल्यावर प्रत्येक वासा कोयतीच्या पाठीने ठोकून पाहावा. भरीव आवाज आला तर वासा शाबूत आहे. आवाज पोकळ आला आणि टोक दाबताच भुसा गळू लागला, तर वाळवीने आतून काम उरकलेले असते. मात्र केवळ भिंतीत गेलेले टोक कुजले असेल, तर तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड द्यावा; सगळा वासा फेकणे ही उधळपट्टी आहे. काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला चांगले, पण ते कातडी भाजते, तेव्हा हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये.

भिंतींच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: सिमेंटचा गिलावा नको. जांभा पाणी पितो आणि श्वासासारखे बाहेरही टाकतो. सिमेंटने वाट बंद झाली की ओल आतच कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा चिऱ्याची सालच घेऊन सुटतो. आमच्या गोठ्याची दर्शनी भिंत मी अशीच हौसेने खराब केली. शिंपल्यांच्या चुन्यात बारीक वाळू मिसळून सांधे भरावेत आणि तो गिलावा आठवडाभर ओला ठेवावा. मातीच्या भिंतीला मातीच लावावी, जमीन शेणाने सारवावी.

जोत्याशी पावळीचे पाणी पडून चर पडलेला असतो. तो मातीने बुजवून उपयोग नाही. तिथे दगड बसवून उतार बाहेर काढावा आणि गवताची उडवी भिंतीपासून हातभर लांब रचावी. उतरवलेल्यांपैकी चांगली पन्नासेक कौले उभी करून माळ्यावर ठेवावीत, कारण त्या मापाची कौले बाजारात पुन्हा मिळतीलच असे नाही.