ईगलमधून कायकॅडमध्ये जाताय? शब्दांच्या या चुका टाळा

ऑटोडेस्क कंपनी ७ जून २०२६ नंतर ईगल हे सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर चालवणार नाही, हे जाहीर झालं आणि जुने बोर्ड कायकॅड या तशाच सॉफ्टवेअरमध्ये हलवायची लगबग सुरू झाली. फाइल इम्पोर्ट होऊन जाते. घोळ होतो तो ओळखीच्या शब्दांमुळे, कारण नाव तेच असलं तरी काम वेगळं निघतं.

सगळ्यात महागात पडतं ते 'लेबल'. ईगलमध्ये दोन शीटवरच्या (सर्किटच्या आकृतीच्या पानांवरच्या) नेटना, म्हणजे जोडण्यांना, एकच नाव दिलं की ते जोडले जातात. लेबल फक्त ते नाव दाखवतं. कायकॅडमध्ये साधं लेबल त्या शीटपुरतंच चालतं. समजा, कंट्रोलरच्या शीटवर 'एसडीए' (आयटूसी या चिपांमधल्या दोन तारांच्या संवादातली डेटाची तार) लिहिलं आणि सेन्सरच्या सबशीटवरही 'एसडीए' लिहिलं. आतून सबशीटच्या नेटला 'सेन्सर/एसडीए' असं शीटच्या नावासकट वेगळं नाव मिळतं आणि दोन्ही तारा सुट्याच राहतात. प्रत्येक शीटवर त्या नेटला पुल-अप रेझिस्टर वगैरे आणखी काही जोडलेलं असेल, तर ईआरसी (आकृतीतल्या जोडण्यांची आपोआप होणारी तपासणी) चकार शब्द काढेल याची खात्री नाही. बोर्ड हातात आला की मग आयटूसी का चालत नाही म्हणून कोड तपासत बसायचं! त्यापेक्षा शीट ओलांडायची असेल तिथे ग्लोबल (सगळ्या शीटवर चालणारं) किंवा हायरार्किकल (वरच्या शीटशी जोडणारं) लेबल लावा आणि लेआउटमध्ये, म्हणजे बोर्डच्या आराखड्यात, त्या पॅडवर (भाग जिथे सोल्डर होतो त्या जागेवर) क्लिक करून नेटचं पूर्ण नाव वाचा. नावात शीटचा पत्ता दिसला, तर ती तार दुसऱ्या शीटशी खरंच जोडली गेलीय का ते तपासा.

'रॅट्सनेस्ट'चंही तसंच. ईगलमध्ये ही कमांड एअरवायर (अजून न झालेल्या जोडण्या दाखवणाऱ्या रेषा) नव्याने मोजते आणि पॉलिगॉनमध्ये, म्हणजे आखलेल्या क्षेत्रात, कॉपरही भरते. कायकॅडमध्ये रॅट्सनेस्ट म्हणजे न जोडलेल्या पॅडांमधल्या बारीक रेषा, बस्स. कॉपर झोन (ईगलमधला पॉलिगॉन) भरायला 'बी' दाबावं लागतं. ट्रॅक हलवला आणि झोन पुन्हा भरला नाही, तर गर्बरमध्ये (कारखान्याला द्यायच्या फाइलमध्ये) जुनाच भराव जाऊ शकतो. प्लॉट करताना झोन तपासण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवा.

ईगलमध्ये बोर्डची कड 'डायमेन्शन' लेयरवर काढतात. कायकॅडमध्ये डायमेन्शन म्हणजे मापाचा बाण. कड जाते एज कट्सवर. आल्टियम हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथलं 'टॉप सोल्डर' म्हणजे सोल्डर मास्कमधली (बोर्डवरच्या संरक्षक थरातली) उघडी जागा. स्टेन्सिलसाठी (सोल्डर पेस्ट लावायच्या जाळीसाठी) फाइल द्यायची ती 'टॉप पेस्ट'.

कायकॅडच्या जुन्या व्हिडिओत 'मॉड्यूल' ऐकलं तर ते आजचं फुटप्रिंट (बोर्डवरचा भागाच्या पॅडांचा साचा) समजा. फुटप्रिंटच्या फाइलच्या नावाच्या शेवटी अजून 'मॉड' असतंच.

राहता राहिलं '०६०३', म्हणजे रेझिस्टरसारख्या भागाच्या आकाराचा कोड. इंची मापात ते १.६ × ०.८ मिमी, मेट्रिकमध्ये ०.६ × ०.३ मिमी. कायकॅडच्या फुटप्रिंटच्या नावात '०६०३' आणि '१६०८ मेट्रिक' दोन्ही लिहिलेलं असतं. ऑर्डर देताना पुरवठादाराच्या यादीतले मिलिमीटर त्याच्याशी ताडून पाहा.