पहिल्यांदाच सीएसआर लागू झालाय? मार्चची वाट बघू नका

एमआयडीसीतल्या बऱ्याच मालकांना सीएसआर, म्हणजे नफ्यातला ठरावीक हिस्सा समाजाच्या कामावर घालायची कायदेशीर सक्ती, ही टाटा-इन्फोसिसची भानगड वाटते, आणि मग एक दिवस सीए सांगतो की साहेब, गेल्या वर्षी नफा 5 कोटींच्या वर गेला, आता तुम्हालाही लागू. कंपनी कायदा 2013, कलम 135. नेटवर्थ 500 कोटी किंवा टर्नओव्हर 1000 कोटी असेल तरी लागतो, पण आपल्यातले बहुतेक नफ्यावरच सापडतात.

आधी आकडा काढा. मागच्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी आणि तिचे 2 टक्के, म्हणजे 4, 5, 6 कोटी असेल तर सरासरी 5 आणि खर्च 10 लाख. नफा कलम 198 प्रमाणे धरायचा, टॅक्सच्या आधीचा, त्यामुळे अंदाजपंचे नको, सीएकडून लेखी घ्या. रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर वेगळी कमिटी लागत नाही, बोर्डाने ठराव केला की झालं.

खरा घोळ कशावर खर्च करायचा यात होतो. ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट बसवला तर तो सीएसआर नाही, कायद्याने तो तुम्हाला बसवायचाच होता. फक्त स्वतःच्या कामगारांच्या पोरांना वह्या वाटल्या, तेही नाही. मंडळाला कंपनीच्या बॅनरसकट स्पॉन्सरशिप दिली तर ती सरळसरळ जाहिरात.

कायदा आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो, तर जवळच्या झेडपी शाळेत जा. मुख्याध्यापकांना काय हवंय विचारलंत की ते बिचारे स्मार्ट टीव्ही म्हणणार, कारण शेजारच्या शाळेला तोच मिळालेला असतो. त्यापेक्षा स्वतः एक चक्कर मारा, मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप दिसलं तर किल्ली मागा, आत टाइल्स चकाचक, भिंतीवर देणगीदाराचा लोगो आणि नळ कोरडा, कारण टाकी वर चढवली पण मोटर कोणी बसवलीच नाही. मोटर, पाइपलाइन, दोन वर्षांची देखभाल आणि सफाईवाल्या मावशींचा पगार, यावर पैसे घाला. फोटोत दिसत नाही म्हणून हे कोणी करत नाही, माझ्या मते तर हाच पहिला खर्च. आणि हो, वस्तू कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यात रीतसर द्या, सही-शिक्क्यासह पावती घ्या.

संस्थेमार्फत करणार असाल तर सीएसआर-1 चा नंबर (सीएसआरची कामं घेण्यासाठी संस्थेने केलेली सरकारी नोंदणी), आयकराची 12ए आणि 80जी नोंदणी आणि तीन वर्षांचं काम बघा, आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या, फोटो नको, बिलं मागा.

हे सगळं एप्रिल-मेमध्येच सुरू करा, शाळेची परवानगी आणि पंचायतीचा ठराव यातच दोन-तीन महिने जातात. 31 मार्चला पैसे उरले आणि काम बोर्डाने आधीच ऑनगोइंग, म्हणजे एका वर्षापेक्षा जास्त चालणारं ठरवलेलं असेल तर 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन वर्षांत संपवायचे, काम ऑनगोइंग नसेल तर 30 सप्टेंबरच्या आत कायद्याच्या शेड्यूल 7 मधल्या सरकारी फंडात भरायचे, तेही चुकलं तर दंड उरलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा 1 कोटी, जे कमी असेल ते.