पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवण्यापूर्वी दात मोजा

जुन्या सीजे-३बी जीपमधले पेट्रोलचे हरिकेन इंजिन उतरवून तिथे महिंद्राचे २५२३ सीसीचे डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवायचे ठरले, की बहुतेक जण आधी इंजिन शोधायला भंगार बाजारात जातात. तिथे जाण्यापूर्वी आरटीओत जावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. आरसी पुस्तकात इंजिन क्रमांक आणि इंधनाचा प्रकार या दोन्ही नोंदी बदलायच्या असल्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणून हा विषय टाळता येत नाही. इंजिन घेताना पक्के बिल घ्यावे आणि ज्या गाडीतून ते निघाले तिच्या नोंदणीची कागदपत्रेही मागून घ्यावीत. विक्रेता कागद द्यायला टाळाटाळ करत असेल, तर इंजिन कितीही गोड आवाजात चालू असले तरी सोडून द्यावे. विमा कंपनीला लेखी कळवावे. कागदांबद्दल एवढे पुरे.

आता दात. गिअर बॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणारे दोन गिअर अॅक्सलमध्ये असतात, लहान पिनियन आणि मोठा क्राउन. त्यांचे दात मोजल्याशिवाय इंजिनासाठी एक रुपयाही देऊ नये, कारण मागच्या खेपेला माझ्याकडून नेमके हेच राहिले आणि सगळे जुळवून रंगरंगोटी झाल्यावर अॅक्सल पुन्हा उघडावे लागले. हरिकेन इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते. त्या हिशेबाने जुन्या जीपच्या अॅक्सलमध्ये ५.३८ चे गुणोत्तर, म्हणजे पिनियनला ८ आणि क्राउनला ४३ दात असतात. डीआय इंजिनाचा जोर खालच्या फेऱ्यांत असतो आणि ३००० च्या आसपास ते नुसतेच ओरडू लागते. ६.००-१६ च्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर ताशी ७० किलोमीटरला हे इंजिन जवळजवळ २८५० फेऱ्यांवर असते. तेच गुणोत्तर ४.२७ असेल तर काम २२६५ फेऱ्यांत भागते. या फरकावरच गाडी महामार्गावर नेता येईल की गावातल्या गावातच फिरवावी लागेल, हे ठरते. प्युजोच्या आराखड्याचे एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचे इंजिन याहून मोकळेपणाने फेऱ्या घेते, त्यामुळे ते बसवणाऱ्याला जुन्या गुणोत्तराचा त्रास कमी होतो. पण दात त्यानेही मोजावेत.

मोजण्यासाठी अॅक्सल उघडावे लागत नाही. पुढच्या चाकांना उटी लावावी, मागची दोन्ही चाके उचलून अॅक्सलखाली भक्कम स्टँड द्यावेत, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि हँडब्रेक सोडावा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (जोर पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) मागे शाफ्टवरच असतो. तो ओढलेला राहिला तर शाफ्ट हलणार नाही आणि माणूस गिअर बॉक्सला दोष देत बसेल. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करून दोन्ही चाके एकाच दिशेने बरोबर एक फेरा फिरवावीत. शाफ्टचे पाच फेरे होऊन वर एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त फेरा झाला, तर गुणोत्तर ५.३८ आहे. एकच चाक फिरवून दुसरे स्थिर राहिले तर डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी अॅक्सलमधली गिअरची रचना) आकडा निम्मा दाखवतो. चारचौघांत ‘आपल्या गाडीला चांगले गुणोत्तर आहे’ असे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांनी असाच निम्मा आकडा वाचलेला असतो.

हेच मोजमाप पुढच्या अॅक्सलवरही करावे. मागच्या क्राउन-पिनियनची जोडी बदलून पुढची तशीच ठेवली, तर फोर-व्हील टाकताच पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात. चिखलात हे खपून जाते, पण कोरड्या डांबरावर सगळा ताण ट्रान्स्फर केस आणि शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस यांच्यावर येतो आणि त्यांतले काहीतरी मोडते. म्हणून ४.८८ घ्या किंवा ४.२७, जोड्या दोन लागतात, त्यांचे गुणोत्तर एकच लागते आणि त्या इंजिनाच्याही आधी हातात असाव्या लागतात. दुकानदाराने कागदावर लिहून दिलेल्या आकड्यावर विसंबू नये. काउंटरवरच खडूने एका दातावर खूण करून क्राउनचे दात मोजावेत. बसवताना पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवणे, बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) पाहणे आणि दातांना रंग लावून ठसा तपासणे हे डिफरन्शिअलचे काम जाणणाऱ्या फिटरकडेच द्यावे. ‘अंदाजाने बसवतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

गिअर बॉक्सबाबत माझे मत ठाम आहे. जुन्या तीन गिअरच्या बॉक्सला अडॅप्टर प्लेट लावून डीआय इंजिन जोडण्याचा मोह टाळावा आणि डिझेल जीपचा चार गिअरचा बॉक्स बेल हाऊसिंग, फ्लायव्हील आणि क्लचसकट घ्यावा. प्लेट करून घेण्यात वाचलेले पैसे बॉक्समधले दात उडाल्यावर निघून जातात. पायलट बेअरिंग आणि क्लच प्लेट नवीन टाकावी. हा बॉक्स लांब असल्याने ट्रान्स्फर केस मागे सरकते, आणि ८० इंचांच्या व्हीलबेसमध्ये मुळातच आखूड असलेला मागचा शाफ्ट आणखी आखूड होऊन त्याचा कोन वाढतो. इंजिन आणि बॉक्स कायमच्या माउंटिंगवर बसून गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहीपर्यंत शाफ्ट कापू नये. जॅकवर लटकलेल्या अॅक्सलवरून घेतलेले माप चुकीचेच येते. कापलेला शाफ्ट बॅलन्स करून घ्यावा.

चॅसीवर माउंटिंग वेल्ड करण्यापूर्वी इंजिन जागेवर टेकवून तीन ठिकाणी हात घालून पाहावे: ऑइल संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) आणि पुढचे अॅक्सल यांच्यामध्ये, पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये, आणि स्टिअरिंगच्या दांड्यांजवळ. पाटे पूर्ण दबल्यावर अॅक्सल किती वर येते, ते धरून संपखालची मोकळी जागा मोजावी, कारण उभ्या गाडीत दिसणारे अंतर खड्ड्यात उरत नाही. डिझेल इंजिन जड असते आणि आयडलिंगला जास्त थरथरते, त्यामुळे पुढच्या पाट्यांत एक पान वाढवावे आणि माउंटिंगची रबरे नवी घालावीत. रेडिएटर मोठा घ्यावा.

टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि ती पेट्रोलची असल्याने काळजी घ्यावी लागते. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ भरलेली असते. ती धुऊन, पूर्ण हवेशीर केल्याशिवाय तिच्याजवळ वेल्डिंगची ठिणगी नेऊ नये. आतला गंज काढावा, नाहीतर तो थेट पंपाकडे जातो. कार्ब्युरेटरच्या गाडीला परतीची नळी नसते, डिझेलला ती लागते, म्हणून टाकीला आणखी एक तोंड काढून घ्यावे. पाणी वेगळे करणारा फिल्टर लावावा.

किल्ली फिरवल्यावर पेट्रोल इंजिन बंद पडते, कारण ठिणगी तुटते. इथे ठिणगीच नसल्याने स्टॉप केबल किंवा पंपावरचा सोलेनॉइड लागतो आणि तो पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी चालतो की नाही हे पाहावे. बॅटरी मोठी, केबल जाड, चॅसी आणि इंजिन यांच्यामधली अर्थची पट्टी नवी. एक्सडीपीला हीटर प्लगची वायर लागते, डीआयला नाही. ब्रेकला बूस्टर बसवलेला असेल तर डिझेलच्या मॅनिफोल्डमधून त्याला पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही. अल्टरनेटरमागे व्हॅक्यूम पंप असलेलाच सेट घ्यावा.

पुढचे थोडक्यात. सायलेन्सरचा पाइप जाड करावा. हॅण्ड प्रायमरने (हातपंपाने) डिझेलच्या नळ्यांतली हवा काढावी. तेल, पाणी, क्लचचा मोकळा प्रवास, झाले. फक्त स्पीडोमीटर विसरू नये: त्याची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते, म्हणून ५.३८ च्या जागी ४.२७ आले की काटा ५० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६३ ने धावत असते. त्याचा लहान गिअर बदलून घ्यावा. कोणता गिअर लागेल हे पुन्हा दात मोजूनच कळते, तेव्हा ते आकडे मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावेत. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर दोन्ही डिफरन्शिअलचे तेल काढून त्यात लोखंडाचा चुरा आहे का ते पाहावे.